राखायला दिलेली राणी

मला एक जुनी खोड आहे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची. लुगडं घेतलं तर उलटी बाजू, भांडं घेतलं तर बूड. माणसाला उलटं करता येत नाही, म्हणून प्रश्न विचारते. लग्न होऊन ब्रह्मपुरीजवळच्या धानाच्या गावी आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी शेजारणीला सांगून टाकलं, "पोरगी चांगली हाये, पण नसत्या चौकशा लय." ते काही खोटं नव्हतं.

जिल्हा तेव्हा चांदा, राज्य मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. गावात सिनेमा पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. हलणारं चित्र म्हणून आम्हाला ठाऊक होती ती बाहुल्यांची कंपनी. धान मळून घरात आलं की खाली सिरोंचाकडून ती दोन बैलगाड्यांतून यायची आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत उतरायची. पांढरा पडदा, त्याच्या मागे तेलाचा दिवा, आणि दिव्यासमोर कातड्याच्या रंगवलेल्या बाहुल्या. कातडं इतकं पातळ की उजेड आरपार यायचा आणि पडद्यावर लाल, हिरवा, निळा रंग पडायचा. मालक ढोलकं वाजवायचा. त्याची बायको बाहुल्या नाचवायची आणि सगळ्या बायांचे आवाज काढायची. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. आज हिशेब केला तर ती माझ्या आजच्या वयापेक्षा बरीच लहान असणार.

गोष्ट त्यांनी त्यांचीच रचलेली होती. एक राणी हरवलेल्या राजाला शोधत जंगलात निघते. वाटेत वाघ, राक्षस, देव, आणि सोबतीला एक सोंगाड्या. रोज थोडी थोडी पुढे सरकायची. राणी हे सासूबाईंचं दैवत. एरवी घरात कुणाचं एका शब्दाने ऐकून न घेणारी ही बाई, राणी पडद्यावर आली की पदर तोंडाशी धरून बसायची. आणि राणी रडायची. खरंच रडायची. तिच्या डोळ्यातून एक उजळ थेंब निघून गालावरून खाली ओघळायचा.

तो थेंब मला झोपू देईना. शेवटी एका दुपारी आंबिलीचा गंज घेऊन मी कंपनीच्या तळावर गेले. म्हातारी बाहुलीच्या कोपराला नवी दोरी ओवत बसली होती. मी सरळ विचारलं. ती हसली, बोट पाण्यात बुडवलं आणि पडद्याला मागून टेकवलं. कापड भिजलं तिथे उजेड जास्त आला, आणि थेंब आपल्या वजनाने खाली सरकला. बस, एवढंच! मला इतका आनंद झाला की मी तिच्याकडून आणखी दहा गोष्टी वदवून घेतल्या. देवांच्या आणि राणीच्या बाहुल्या हरणाच्या कातड्याच्या, राक्षस बकऱ्याच्या. बाहुली पडद्याला चिकटवून धरली की जिवंत, जरा मागे घेतली की धुरकट. म्हातारी बाहुलीला तेलुगूत 'बोम्मा' म्हणायची आणि मला 'अम्मा'. माझ्याहून एवढी मोठी बाई मला आई म्हणते याची मला फार मौज वाटायची.

घरी येऊन सासूबाईंना सांगायला लागले, तर त्यांनी कानांवर हात ठेवले.

"मले नोको सांगू! थे कशी रडते थे तिले माहीत. तू काऊन तिच्या मांगं लागली?"

पुढच्या वर्षी कंपनी आली ती गॅसबत्ती घेऊन. ब्रह्मपुरीला तंबूतला सिनेमा यायला लागला होता, त्याच्यासमोर टिकायचं म्हणून मालकाने तिथल्या एका व्यापाऱ्याकडून उधारीवर गॅसबत्ती, पेटी आणि पेटीवाला असा सगळा थाट आणला. गावात दोन तट पडले. पोरंटोरं आणि तरणे गॅसबत्तीवाले, कारण पडदा दुधासारखा झगझगीत दिसायचा. आमच्या घरासकट म्हातारे सगळे दिव्यावाले. त्यांचं म्हणणं असं, की दिव्याची ज्योत हलते म्हणून बाहुल्या श्वास घेतात. गॅसबत्तीत त्या नुसत्या उभ्या राहतात. यावरून पाणवठ्यावर भांडणं झाली. दोन सख्खे साडू एकमेकांशी बोलेनासे झाले. मला दोन्ही बाजू पटायच्या, म्हणून दोन्ही बाजूंनी मी शिव्या खाल्ल्या.

आणि मग एका सकाळी बातमी आली की कंपनी बसली. व्यापाऱ्याचा माणूस बैल आणि सामान न्यायला निघाला आहे.

मला आजही नवल वाटतं ते गावाचं. कुणाचं घर बुडालं तरी लोक चार दिवस हळहळतात आणि कामाला लागतात. इथे नातं ना गोतं, पण अख्खं गाव देवळामागे जमलं. प्रत्येकाला कारण ठाऊक होतं. गॅसबत्तीनं बुडवलं, सिनेमानं बुडवलं, पेटीवाला पनवती होता. एकाने तर सोंगाड्याचे विनोद गेल्या दोन वर्षांत पडले होते असं सांगितलं. मालक गाडीच्या जोखडावर बसून ऐकत होता. म्हातारी मात्र बाहुल्यांच्या पेटाऱ्यावर हात ठेवून उभी होती. गाडी, बैल, ढोलकं गेलं तरी परत आणता येईल, ती म्हणाली, पण बोम्मा गेल्या तर कंपनी उठत नाही. एकेक कापायला, रंगवायला तिच्या सासऱ्याचा जन्म गेला होता.

"मंग आमच्याकडं राखाले द्या ना," सासूबाई बोलल्या. "एकेका घरी एकेक. कोन शोधते? पैसे फिटले का घेऊन जा."

हा तोडगा सगळ्यांनाच आवडला, आणि लगेच खरी अडचण उभी राहिली. राणी कुणाकडे? देव कुणाकडे? बायका अशा पुढे सरसावल्या की म्हातारी पेटाऱ्यावर बसूनच राहिली. राक्षसांकडे कुणी बघेना. पुन्हा प्रश्न कातड्याचा. कातडं घरात, तेही देव म्हणून? देवळातल्या पुजाऱ्याला बोलावलं. त्याने विचार करून सांगितलं, हरणाचं कातडं सोवळ्यात चालतं, बकऱ्याचं गोठ्यात ठेवा. त्या निकालाने सगळी वाटणी मार्गी लागली. राणी आमच्या घरी आली. सासूबाईंशी भांडायची हिंमत कुणात नव्हती. राक्षस गोठ्यांत गेले. सोंगाड्या न्हाव्याकडे. वाघ जंगलाकडच्या टोलीवरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, एका गोंड म्हाताऱ्याने मागून घेतला. दरवर्षी खेळ बघायला तो तीन कोस चालत यायचा.

म्हातारीने प्रत्येकाला हात जोडले. मला म्हणाली, "जपून ठेव अम्मा."

आणि जपलं! असं जपलं की विचारू नका. राणी देवघरात उभी राहिली. पहिल्या सोमवारी सासूबाईंनी तिला दुधापाण्याचं स्नान घातलं. मग दर सोमवारी. हळदकुंकू, तेलाचं बोट, समोर निरांजन. दिवाळीत मेणाने चांदीचे डोळे बसवले. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, कातडं आहे ते, पाणी लागून..."

"तुह्या मायच्या घरी देवाले आंघोळ नाई घालत का?"

घरोघरी हेच चाललं होतं. कुणाचा देव तुपाने माखला होता, कुणाच्या देवाला जरीचं वस्त्र शिवलं होतं. हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या घरी जाऊन बघायच्या, कुणी किती केलं. शेजारच्या घरी देवापुढे अगरबत्ती पाहून आल्यावर आमच्याकडे धूप सुरू झाला. गावाने कंपनीवर एवढं प्रेम ती चालू असतानाही केलं नव्हतं.

एक अख्खं वर्ष गेलं. पुन्हा मळणी आली, आणि ती आटोपता आटोपता म्हातारी आली. सोबत मालक, एक भाड्याची गाडी, नवा पडदा, नवं ढोलकं. वर्षभर दोघं लाकडाच्या ठेक्यावर राबली होती, व्यापाऱ्याचं देणं फिटलं होतं. जत्रेचं बोलावणं होतं. बोम्मा घ्यायच्या, दोरे बदलायचे आणि निघायचं, एवढंच काम राहिलं होतं. म्हातारी इतकी हसत होती की मला ती आधी ओळखूच आली नाही.

पहिलं घर आमचंच. सासूबाईंनी अंगण शेणाने सारवून ठेवलं होतं. म्हातारीला पाटावर बसवलं आणि राणी आणून तिच्या मांडीवर ठेवली. त्यांच्या तोंडावर जो अभिमान होता तो नातू झाला तेव्हाही मी पाहिला नाही.

म्हातारीने राणीचा हात उचलून बघितला. उचलला जाईना. कोपराशी तेल, कुंकू, राख यांचा थर बसून सांधा धरला होता. कातडं पाण्याने फुगून, सुकून वाकडं झालं होतं. तिने चांदीचे डोळे नखाने काढायला बघितलं, थांबली, आणि उठून दारात गेली. उन्हासमोर राणी धरली. आम्ही सगळ्या बघत होतो. उजेड कुठूनच आला नाही. जमिनीवर काळी सावली पडली.

"दिवा मागून लावायचा असतो, अम्मा," ती म्हणाली. "तुम्ही समोरून लावला."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली. सासूबाईंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "बघा, उंदरानं एक बी नाई कुरतडली." म्हातारीने मान हलवली आणि पुढच्या घरी गेली.

मी तिच्या मागोमाग हिंडले. मला राहवतं थोडंच! घरोघरी तेच. देव सगळे गेले. जितका मानाचा, तितका जास्त बिघडलेला. धड निघाले ते राक्षस, कारण गोठ्यात त्यांना कुणी शिवलं नव्हतं. न्हाव्याचा सोंगाड्या चुलीच्या धुराने काळवंडला होता, पण पोरांनी वर्षभर नाचवल्यामुळे सांधे असे मोकळे की म्हातारीच्या हातात तो आपोआप कंबर हलवायला लागला. त्याच्याकडे बघून तिला रडू आलं. संध्याकाळच्या आत टोलीवरचा म्हातारा वाघ घेऊन आला. वाघ म्हणजे त्यांचा देव, त्याला हात लावायचा नाही, म्हणून त्याने तो जसा दिला तसा आढ्याला टांगून ठेवला होता.

मालक म्हणाला, चला, घरी जाऊ. देव नाही, राणी नाही, जत्रेत काय दाखवणार? पण गाव जमलं होतं, आणि गावाला अजून समजलं नव्हतं. लोक विचारत होते, "खेळ कवा लागते?" म्हातारीने बराच वेळ त्या गर्दीकडे पाहिलं. मग मालकाला पडदा बांधायला सांगितलं.

दिवेलागण होऊन गेल्यावर खेळ सुरू झाला. सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या, मांडीवर नव्या खणात गुंडाळलेली राणी. "तिलेही पाहू दे," त्या मला म्हणाल्या. इतर बायकांनीही आपापले देव आणले होते. सोंगाड्या आला, लोक हसले. वाघ आला, टोलीवरच्या म्हाताऱ्याने हात जोडले. राक्षस आले, गेले. मग ढोलकं हळू झालं. राणीची वेळ झाली, आणि पडदा रिकामाच राहिला. नुसता पिवळा उजेड हलत होता.

आणि त्या रिकाम्या पडद्यातून राणी बोलायला लागली. तोच आवाज, तेच थांबणं, तेच राजाला हाका मारणं. पडद्यावर काही नव्हतं तरी मी शपथेवर सांगते, सगळे तिथेच बघत होते. कुणाचं पोर रडलं नाही, कुणी खोकलं नाही. मी मात्र माझ्या खोडीप्रमाणे पडदा सोडून सासूबाईंकडे पाहिलं.

ती कंपनी त्यानंतर फार दिवस चालली नाही. जत्रेला ते गेलेच नाहीत. म्हातारी आणि मालक पुन्हा लाकडाच्या ठेक्यावर लागल्याचं पुढे अहेरीच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. हरणाचं कातडं मिळालं का, नवी राणी कापली का, हे मी खूप जणांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण त्या खेळात मी सासूबाईंचं तोंड पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, मग त्यांनी मांडीवरचा खण उलगडला. आतल्या चांदीच्या डोळ्यांकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. राणी अजून बोलतच होती. मग माझा हात घट्ट धरून त्यांनी मला विचारलं. एवढ्या वर्षांत उत्तर हवं म्हणून त्यांनी मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"पोरी, राणी तं तिथी बोलून राह्यली. मंग सालभर मी आंघोळ कोनाले घातली?"