एक्कावन्नावा कॉम्प्युटर

आधीच हात जोडून सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीतून शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथं चुकेल तिथं तुम्हीच मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. पण जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. तुम्ही हसणार, हे मला आत्ताच माहीत आहे. हसा. तोपर्यंत चहा थंड होऊ देऊ नका.

मी गजानन. अमरावतीला नितीनदादांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. माझं काम म्हणजे लोकांच्या ऑफिसात अँटिव्हायरस टाकायचा आणि वर्ष संपलं की त्याचं लायसन वाढवून द्यायचं. मला हे काम आवडतं, कारण यात बोलावं लागत नाही. खाली मान घालून जायचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं, सही घ्यायची आणि निघायचं.

अकोल्याला एमआयडीसीत एक बियाण्यांची कंपनी आहे. मालकांना सगळे काकासाहेब म्हणतात. तीन वर्षांपासून त्यांच्या पन्नास कॉम्प्युटरचं लायसन आमच्याकडून जातं. यंदा दादा म्हणाले, "गजू, या बारीची ऑर्डर तूच टाक. मी पाहत नाई. शिक आता."

पहिल्यांदाच एवढी मोठी ऑर्डर माझ्या हातानं जाणार होती. मी 'किती' या रकान्यात पन्नास लिहिलं आणि थांबलो. तुम्हीच सांगा, आपल्याकडे लग्नात नुसते पन्नास रुपये कोणी देतं का? वर एक रुपया ठेवतोच ना? नुसता पन्नास म्हणजे आकडा तिथंच मिटला. मला काही बरं वाटेना. मी शून्य खोडून एक केला. एक्कावन्न. वरच्या एकाचे पैसे माझ्या खिशातून भरले आणि कोणाला काही बोललो नाही. बोलायला लागलं असतं तर केलंच नसतं.

आता पन्नास ठिकाणी पन्नास टाकली. एक उरलं. उरलेलं वाया कशाला घालवायचं? नांदगाव खंडेश्वरला माझ्या मोठ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर ते टाकून दिलं. भाऊ खूश, मी खूश.

इथपर्यंत मला वाटत होतं की मी पुण्य केलं.

तीन आठवडे झाले. एक दिवस काकासाहेबांचा फोन आला की व्हायरस सापडला तर त्याची खबर थेट आपल्या मोबाईलवर आली पाहिजे. मी दुकानात बसूनच तेवढं चालू करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मला उठवूनच अकोल्याला पाठवलं. म्हणाले, "काकासाहेबाच्या मोबाईलवर सकाळपासून सात खबरी आल्या. पेरणीचे दिवस आहेत, तिथी ट्रक उभे आहेत. पय लवकर."

पोचलो तेव्हा गेटवर खरंच सहा ट्रक उभे होते. आत ऑफिसात कोणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे. मधोमध मॅनेजर गावंडे साहेब, हातात खडू. त्यांच्यासमोर बिलिंगच्या वंदनाताई मान खाली घालून. या बाईंची मला माहिती एवढीच, की त्या कॉम्प्युटरलाच मोबाईल चार्जिंगला लावतात आणि मी गेलो की स्वतःहून खुर्ची रिकामी करून देतात.

"आले का," गावंडे म्हणाले. "पाहा बरं हे. आठवी खबर आली आत्ता."

मी लॅपटॉप उघडला. सगळ्या कॉम्प्युटरची यादी जिथं दिसते ते पान लावलं. माझ्या मागे बारा जण वाकून पाहत होते. मला मागे कोणी उभं राहिलं तर पासवर्डसुद्धा आठवत नाही.

यादीच्या वर आकडा होता. एक्कावन्न.

गावंडेंची नजर त्याच्यावर पडली. "एक्कावन्न काहून? आपले तं पन्नास आहेत."

खबर कुठून येते आहे, ते मला त्याच क्षणी कळलं. दहावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. भावाच्या दुकानासमोर फॉर्म भरायला अख्खा तालुका रांगेत उभा असणार, आणि प्रत्येकाच्या खिशात एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह लागला की अँटिव्हायरस व्हायरस पकडणार, मारणार आणि कुठल्या कॉम्प्युटरवर ते न सांगता इमानदारीनं अकोल्याला काकासाहेबांना कळवणार. सॉफ्टवेअर आपलं काम करत होतं. चुकीचा फक्त मी होतो.

मी तोंड उघडलं. "साहेब, ते काय आहे ना..."

"काय आहे ते आमीच पाहतो," गावंडे म्हणाले. "एक एक मोजतो." आणि खडू घेऊन निघाले.



त्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्यावर खडूनं आकडा टाकला. गोदामातले, हिशोबातले, काकासाहेबांच्या केबिनमधला. पन्नास. परत मोजले, उलटे. पन्नासच.

"एक कॉम्प्युटर कोनं लपवला आहे," गावंडे म्हणाले. "कंपनीचं लायसन चोरून लावलं आहे कोनं तरी."

बघा, सकाळी व्हायरस होता. अकरा वाजेपर्यंत चोरी झाली होती.

तेवढ्यात केबिनमधून काकासाहेब आले. पांढरा सदरा, आवाज अगदी हळू. हळू बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. "गावंडे, पाच तालुक्यातले दुकानदार फोन करून राहिले. बिल निघाल्याबिगर ट्रक जात नाई. काय करता?"

"सगळे बंद करतो काकासाहेब. बंद केल्यावर व्हायरस कुठी जाईन?"

पन्नासच्या पन्नास बंद केले. नुसते बंद नाहीत, भिंतीतून पिना काढल्या. पंखे सोडून ऑफिसात काही चालू नव्हतं. आम्ही सगळे काकासाहेबांच्या हातातल्या मोबाईलकडे बघत उभे होतो. एक मिनिट. दोन मिनिटं. गावंडेंनी कपाळ पुसलं.

टिंग.

काकासाहेबांनी चष्मा वर करून वाचलं. "नववी," ते म्हणाले. "बंद कॉम्प्युटरवर."

मागून कोणी तरी हळूच म्हणालं, "ही जागा पहिलेपासूनच बराबर नाई."

"थांबा," गावंडे म्हणाले. "कॉम्प्युटर बंद आहेत, मंग चालू काय आहे?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि बोट वंदनाताईंच्या टेबलाकडे केलं. "मोबाईल. यायचा मोबाईल रोज कॉम्प्युटरले लावलेला राह्यते. हाच तुमचा एक्कावन्नावा. कंपनीचं लायसन मोबाईलवर घेतलं यायनं."

वंदनाताईंनी मान वर केली. "साहेब, मी चार्जिंग करतो फक्त. मले तं फोनमधी गाणं लावता येत नाई, लायसन काय लावतो मी?"

"ते खुलाशात लिहा. आज लिहून द्या अन् घरी जा. पुढचं काकासाहेब पाहतीन."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे घरी."

त्यांनी खुलाशासाठी कोरा कागद घेतला. माझ्या अगदी जवळ उभ्या होत्या. माझ्या मनात सगळं वाक्य तयार होतं. साहेब, तो कॉम्प्युटर नांदगावात आहे. सहा शब्दही नाहीत. पण माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? "मी तपासून पाहतो."

मी लॅपटॉपवर वाकलो. एक्कावन्नाव्या नावासमोर 'काढून टाका' असं बटन होतं. मनात म्हटलं, गजू, हे दाबलं की खबरी बंद, सगळं शांत, ट्रक निघतील, वंदनाताई परत खुर्चीवर. कोणाला काही सांगायची गरज नाही. आणि मी ते दाबलं.

त्याच वेळी माझ्या पाठीमागे काय चाललं होतं, ते मला दिसलं नाही. गावंडेंनी वंदनाताईंचा मोबाईल शिपायाच्या हाती देऊन गेटच्या बाहेर पाठवून दिला होता.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. खबर नाही. गावंडेंनी कॉम्प्युटर चालू करायला लावले. एक, दहा, पन्नास. खबर नाही. ऑफिसात लोक एकदम बोलायला लागले. कोणी तरी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पाहा काकासाहेब," गावंडे म्हणाले, "मोबाईल गेटच्या बाहेर गेला अन् व्हायरस थांबला. आता सांगा, मी खोटं बोललो का?"

म्हणजे मी वाचवायला गेलो आणि माझ्याच हातानं त्या बाईविरुद्ध पुरावा तयार करून दिला.

वंदनाताई रडल्या नाहीत. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि आपली डबी, कंगवा, देवाचा फोटो पिशवीत भरायला लागल्या. बावीस जण बघत होते आणि प्रत्येकाची नजर असं म्हणत होती की बरं झालं, सापडली.

मी कसा बोललो ते मला आजही आठवत नाही. एवढं आठवतं की बोलताना मी काकासाहेबांच्या चपलांकडे बघत होतो. सगळं सांगितलं. एक्कावन्न कसे केले, उरलेलं कुठं टाकलं, पेनड्राइव्हची रांग, बटन. मध्ये श्वास घेतला नाही, कारण थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो.

गावंडेंच्या हातातला खडू पडला. काकासाहेबांनी मोबाईल खिशात ठेवला.

"पैसे कोनं भरले त्या एकाचे?"

"मीच."

"मंग एक वरतं काहून घेतलं बावा?"

"नुसते पन्नास बरं दिसत नाई काकासाहेब."

त्यांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "म्हणजे तू मले आहेर केला." आणि वळून केबिनकडे चालायला लागले. दारातून म्हणाले, "गावंडे, ट्रक सोडा. ताईले बसवा. अन् या पोराले पाणी द्या, पांढरा पडला तो."

मला वाटलं, सुटलो. पण वंदनाताई बसल्या नाहीत. पिशवी तशीच हातात धरून माझ्यासमोर आल्या.

"तुमी सांगतलं ते या दहा-वीस लोकायनं ऐकलं," त्या म्हणाल्या. "गोदामातल्यायनं नाई ऐकलं. हिशोबाचे जेवाले गेलते. त्यायच्यासाठी मी चोरच आहे अजून. सगळ्यायले सांगा. एक एक टेबलावर जाऊन."

"ताई, मले बोलता येत नाई."

"मले पण नोकरी सोडता येत नाई."



दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी अकोल्याला गेलो. वाटेत बडनेरा ते मूर्तिजापूर एकच वाक्य पाठ करत होतो: काल जे झालं ते माझ्या चुकीनं झालं, वंदनाताईंचा त्यात काही दोष नाही. शेजारचा माणूस एकदा म्हणाला, "परीक्षा आहे का भाऊ?" मी हो म्हटलं.

गोदामापासून सुरू केलं. वंदनाताई माझ्या दोन पावलं मागे, हात बांधून. पहिल्या टेबलावर माझा आवाजच निघाला नाही. "मोठ्यानं सांगा," मागून आवाज आला, "त्यायले ऐकू नाई गेलं." दुसऱ्यांदा सांगितलं. दहाव्या टेबलापर्यंत वाक्य न अडखळता यायला लागलं. विसाव्याला तर लोक आधीच म्हणायला लागले, "माहीत आहे, आहेरवाले ना? जा पुढं." वंदनाताई त्यांनाही सोडत नव्हत्या. "नाई, पूर्ण ऐका."

हिशोबाच्या खोलीत कोपऱ्यात एक म्हातारे कारकून बसतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी तीन वर्षांत तीनदा अँटिव्हायरस टाकला आहे, दरवेळी त्यांच्याच खुर्चीवर बसून, त्यांनी दिलेला चहा पिऊन. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझं सगळं म्हणणं अगदी मन लावून ऐकलं, दोनदा मान हलवली.

"समजलं," ते म्हणाले. "चूक कबूल केली, चांगलं केलं. ताईचा दोष नाई, तेही समजलं. पण भाऊ, तुमी कोण?"

वंदनाताईंनीच मागून सांगितलं.

"हे आपले व्हायरसवाले."

"असं होय," ते म्हणाले, आणि मी पुढच्या टेबलाकडे गेलो.