ॲडमिरलसाहेबांची पँट

त्याला सगळे कडक म्हणत. इस्त्री कडक करायचा म्हणून. एरवी माणूस इतका मऊ होता, की शेजारची मांजरंसुद्धा त्याच्यावर डाफरायची. बंदराच्या चढावर त्याचं लाँड्रीचं दुकान होतं. पुढे फळी, फळीवर इस्त्री, मागे एक पडदा आणि पडद्यामागे बायको. बायको दिसत नसे, पण तिचा आवाज सतत दुकानात असे.

तरुणपणी कडक युद्धनौकेवर कपडे धुवायला होता. त्याची खोली बोटीच्या पोटात, बॉयलरला लागून. आत वाफ अशी कोंडलेली, की कपडे वाळायच्या आधी माणूसच पिळून निघायचा. बोटीचे कप्तान पुढे ॲडमिरल झाले, तेव्हा मात्र नुसते कप्तान होते आणि एकाच गोष्टीवर जीव टाकून होते: पँटच्या घडीवर. ती कांडीसारखी सरळ हवी. जरा वाकडी दिसली की कप्तान आवाज न चढवता म्हणायचे, "हे काय आहे?" आणि समोरच्याला दरदरून घाम फुटायचा.

युद्धात एका सकाळी शत्रूची विमानं आली. भोंगा झाला तेव्हा कप्तानांची पँट कडकच्या इस्त्रीखाली होती. कप्तान टोपी, शर्ट आणि चट्ट्यापट्ट्यांची चड्डी अशा वेषात धावत वर गेले. खाली कडकने विचार केला, की बॉम्ब पडला तर पडला, पण पँट वेळेवर गेली नाही तर मेलोच. त्याने पँट हातावर घेतली आणि निघाला.

वाटेत रंगाच्या कोठाराशी आग लागली होती. पलीकडे जिना, त्याच्या वर कप्तान. एक खलाशी पाण्याच्या नळीशी झटापट करत होता, पण नळी काही सुटत नव्हती. कडक उलट्या पावली खोलीत गेला, टबातल्या ओल्या चादरी ओढत आणल्या आणि आगीवर फेकल्या. बोट वाचवावी वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हतं, त्याला पलीकडे जायचं होतं. आग मात्र विझली. कोठाराच्या भिंतीला लागून दारूगोळा होता, हे त्याला नंतर कळलं, आणि कळल्यावर तो मटकन खाली बसला.

वर पोचला तेव्हा कप्तान दुर्बीण लावून उभे.

"उशीर," ते म्हणाले.

"आग होती साहेब."

"सबबी नकोत. आण इकडे."

एक पाय पँटमध्ये गेला. दुसरा घालताना बोटीने हिसका दिला, कप्तानांचा तोल गेला आणि पडता पडता त्यांनी सुकाणूवाल्याचा खांदा धरला. सुकाणूवाला चक्रासकट डावीकडे कलला, बोटही डावीकडे गेली, आणि उजवीकडे, बोट असायला हवी होती नेमकी तिथे, बॉम्ब पडून पाण्याचा डोंगर उभा राहिला. सगळे भिजले. पँटची तर पार रया गेली.

"अचूक क्षणी बोट डावीकडे वळवून" या शब्दांत कप्तानांना शौर्यपदक मिळालं. मग पदकांची रांगच लागली. एक लांबच्या मोहिमेचं, एक दीर्घ सेवेचं, आणि एक पाहुणा राजा बोटीवर येऊन उलटी न करता परत गेला म्हणून. ॲडमिरल होईपर्यंत छातीची डावी बाजू भरली होती आणि चालताना साहेब खुळखुळ्यासारखे वाजत. कडकला पदक मिळालं नाही. चादरी जाळल्याबद्दल समज मिळाली.

निवृत्तीनंतर साहेब त्याच गावात राहायला आले. म्हातारपणी एकदा ते स्वतः कोट घेऊन दुकानात आले. त्या डाव्या वळणाबद्दल आणखी एक मोठं पदक मिळणार होतं, मंत्री येणार होते.

"कडक," साहेब हळूच म्हणाले, "त्या दिवसाचं तुला काही आठवतं का रे?"

"छे हो साहेब. काहीच नाही."

"खोटं बोलतायत," पडद्यामागून आवाज आला. "रोज सांगतात. चड्डीसकट."

साहेबांचा चेहरा उतरला. "कोणाकोणाला सांगितलंस?"

"फक्त गिऱ्हाइकांना, साहेब."

"म्हणजे किती जणांना?"

"ज्यांचे कपडे मळतात तेवढ्यांनाच."

साहेबांनी कोट उचलला आणि इस्त्री न करताच तरातरा निघून गेले. कडकला जेवण गेलं नाही. "आता माझं तोंड बघणार नाहीत," तो म्हणाला. बायको म्हणाली, "मग जाऊन तुमचं दाखवा. जेवा आधी."

समारंभाला दोघं मागच्या रांगेत बसली. मंत्री भाषणात "डावीकडे" म्हणाले आणि सभागृहात खसखस पिकली. मंत्र्यांना वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून त्यांनी जोर देऊन पुन्हा म्हटलं, "डावीकडे!" आता लोक रुमाल तोंडात कोंबू लागले.

चुरगळलेल्या कोटातले साहेब उठले. माइकसमोर आले.

"तो हुकूम मी दिलाच नव्हता," ते म्हणाले. "मी पँट घालत होतो."

मग मागच्या रांगेत कडकची बायको हसून अशी काही फुटली, की तिच्यामागे अख्खं सभागृह फुटलं. साहेबांनी थांबून वाट पाहिली आणि मग आगीचं सांगितलं, चादरींचं सांगितलं. "बोट वाचली ती याच्यामुळे. ऊठ रे."

कडक उठला. "मला नुसतं पलीकडे जायचं होतं साहेब," तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मंत्री तेवढे हसले नाहीत.

पदक साहेबांनी ठेवून घेतलं. परत करायचा विषयही काढला नाही. कडकच्या नावाने त्यांनी वर शिफारस पाठवली. धुण्याच्या कामगारांना शौर्यपदक देण्याची तरतूद नाही, असं उत्तर आलं. साहेब दोन दिवस सगळ्या खात्याला शिव्या घालत फिरले. कडकला त्या शिव्यांचंच फार अप्रूप वाटलं. त्याच्यासाठी आजवर कोणी कोणाला शिवी दिली नव्हती.

दुकान मात्र धो धो चालायला लागलं. लोक धुतलेले कपडेही धुवायला आणू लागले. साहेब रोज संध्याकाळी येऊन गाठोड्यावर बसत आणि गिऱ्हाइकांना स्वतःच गोष्ट सांगत. त्यांच्या सांगण्यात आग दर आठवड्याला लहान होत गेली आणि कडकचा उशीर वाढत गेला.

"अर्धा तास लावलास तू," साहेब म्हणत.

"वर यायला तेवढा वेळ लागतो होय? बोट होती का डोंगर?"

"त्या गाठोड्यावरून उठा आधी," पडद्यामागून आवाज येई. "कालच्या चादरी आहेत त्यात, पुन्हा चुरगळल्या."

ॲडमिरलसाहेब निमूट उठत आणि जागा शोधत.