आधी लहानपण खेळायचं

शुक्रवारी दुपारी मला फक्त आडवं व्हायचं असायचं. आठवडाभर दवाखान्यात उभं राहून पोटऱ्यांचे दगड झालेले असायचे. सुट्टीच्या त्या एका दिवसात धुणं, वाटण, नवऱ्याच्या युनिफॉर्मची इस्त्री, सगळं उरकायचं. नवरा इथे आखातात, मुहर्रकच्या विमानतळावर स्टोअरमध्ये होता आणि त्याच्या शिफ्टला शुक्रवार ठाऊक नव्हता. नेमक्या त्याच दुपारी आमची मुलगी आणि ईसा टाउनच्या शाळेतल्या तिच्या दोन मैत्रिणी जेवणाचं टेबल अडवून बसायच्या आणि कसला तरी खेळ खेळायच्या.

पत्ते नाहीत, कॅरम नाही. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी तलवार चालवणारी, कोणी जादूगारीण. कुलूप उघडलं का, राक्षस मेला का, हे आकडा काढून ठरवायचं. केरळच्या मैत्रिणीच्या मामाने अमेरिकेहून नियमांचं पुस्तक आणलं होतं, त्याच्या झेरॉक्स सगळ्या घरभर. त्यात वीस बाजूंचा फासा लागतो असं लिहिलेलं. तो इथे कुठे मिळणार? म्हणून माझ्या हाउजीच्या पिशवीतले एक ते वीस आकडे त्यांनी पळवले होते.

गोष्ट सांगायची आमची मुलगी. घरात दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायची, तीही इंग्रजीत, आणि तिथे तासन्‌तास बोलत सुटायची. मी आत पडून ऐकायचे आणि मला राग यायचा. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

ती चार वर्षांची असताना तिला रत्नागिरीला थोरल्या जाऊबाईंकडे ठेवून मी इथे आले होते. दोघांच्या शिफ्ट, दुसऱ्या कुटुंबाबरोबर भागीत घेतलेला फ्लॅट, पोर सांभाळणार कोण? एक वर्षाचा प्रश्न आहे, असं मी म्हणाले होते. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी व्हिसा, कधी घर, मग कुवेतचं युद्ध. आली तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

मधल्या पाच वर्षांत मी दर महिन्याला बूथवरून फोन करायचे. जाऊबाई तिला शेजारच्या दुकानात घेऊन यायच्या आणि तिच्या हातात फोन देऊन दुकानदारिणीशी बोलत बसायच्या. दूध पितेस ना? काकूला त्रास देत नाहीस ना? तिकडून काही आवाज नाही. मी दोनतीनदा हॅलो करायचे. माझ्या मागे माणसं खोळंबलेली असायची. मग जाऊबाई फोन घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अगो, बरी आहे ती. तू जिवाला लावून घेऊ नको."

मी लावून घेतलं नाही. पोरीला माझ्याशी बोलायचंच नाही, तिचं माझ्यावाचून काही अडत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. त्या समजुतीवर पाच वर्षं ड्युट्या केल्या.

आता ती दहावीत होती. पुढच्या शिक्षणासाठी तिला पुण्याला ठेवायचं आमचं ठरल्यासारखंच होतं. होस्टेलचा फॉर्म भरून कपाटात होता, फक्त सह्या राहिल्या होत्या. नवरा म्हणाला, "तिला काय, सवय आहे आपल्याविना राहायची." मी हो म्हटलं. वाद घालायलासुद्धा अंगात जोर लागतो.

त्या शुक्रवारी गोव्याची मैत्रीण सुट्टीवर गावी गेली होती. एक माणूस कमी पडत होतं.

"आई, यू कम," मुलगी म्हणाली.

जळलं मेलं लक्षण, म्हणत मी बसले. पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकले. कोण व्हायचंय विचारल्यावर म्हटलं, वैदू. निदान नवीन काही शिकायला नको.

"आधी तिचं लहानपण खेळायचं," मुलगी इंग्रजीतच म्हणाली. हा नियम पुस्तकातला नव्हता, तिचा स्वतःचा होता. लहानपण खेळल्याशिवाय ती कोणालाच गोष्टीत घेत नसे.

"खाल्लं, प्यालं, मोठी झाली," मी म्हटलं. "खलास."

"असं नाही चालत. ती पाच वर्षांची आहे. तिची आई समुद्रापलीकडच्या शहरात वैदू आहे. महिन्यातून एकदा ती शंखातून बोलते. मी आई. तू ती मुलगी."

तिने मूठ कानाला लावली आणि बोलायला लागली. इंग्रजीत नाही. मराठीत, माझ्या आवाजात, माझ्याच घाईने.

"दूध पितेस ना गो? काकूला त्रास देत नाहीस ना? पुढच्या मे महिन्यात नक्की येते हां. चल, ठेवते, मागे माणसं उभी आहेत."

तिला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. तिची मैत्रीण चिवडा खात आमच्याकडे बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं, हे बरं होतं.

"लवकर ये," मी म्हटलं. म्हणजे त्या मुलीने म्हटलं.

"नो. ती असं म्हणत नाही."

"मग काय म्हणते?"

"काहीच नाही. ती मान हलवते." तिने हलवून दाखवली, वरखाली, जोरजोरात, लहान मुलं हलवतात तशी. "आई विचारते, दूध पितेस ना, ती मान हलवते. आई म्हणते, मे महिन्यात येते, ती खूप हलवते. मग आई हॅलो हॅलो करते आणि ठेवून देते. ती पाच वर्षांची आहे, आई. शंखातून दिसत नाही हे तिला माहीत नाही."

मैत्रिणीने हाउजीची पिशवी पुढे केली. "आंटी, नंबर निकालूँ?"

मी पिशवी बाजूला सारली. पाच वर्षं पोर मला उत्तर देत होती आणि मी तिला बेपर्वा ठरवून मोकळी झाले होते. रडू आलं, पण परक्या पोरीसमोर रडायचं कसं, म्हणून उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

"तुला पुण्याला जायचंय का गं?" मी विचारलं.

"हे खेळातलं की खरं?" तिने मराठीत विचारलं.

"खरं."

ती समोरच्या कागदाकडे बघत राहिली. समोरचं माणूस गप्प झालं की घाईने पुढचं बोलून टाकायची माझी जुनी खोड. पुण्यात चांगली कॉलेजं आहेत, मावशी जवळ आहे, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि तिच्याकडे बघत बसले.

बऱ्याच वेळाने तिने मान हलवली. नाही अशी. आवाज काहीच झाला नाही, पण या वेळी मी समोर होते.