पैलवानाचा गुडघा कुणाचा?

१९९३ साल. मी तवा पासष्टीला टेकलेला. शाळा दुसरीपर्यंत, पण गावच्या एस.टी. थांब्यावरचा बातम्यांचा फळा रोज वाचायचो, अक्षराला अक्षर जोडून. दुसऱ्याकडून वाचून घेणं मला जमलं नाही कधी. सैन्यातून परतलेला एक हवालदार तो फळा लिहायचा.

एका संध्याकाळी फळ्यावर होतं, 'आपल्या पैलवानाचा उजवा गुडघा दुखावला. सांगलीच्या दवाखान्यात उपचार.' जत्रेतली मोठी कुस्ती अगदी तोंडावर आलेली.

मी वाचतोय तोवर तालमीचे वस्ताद तावातावानं आले. "कुणी लिवलं रं हे? समोरच्या पैलवानाच्या गावची गाडी हितंच थांबती! आता तो नेमका त्याच पायाला हात घालंल."

"बातमी खोटी हाय का, वस्ताद?" हवालदार म्हणाला.

"खरी हाय म्हणून तर बोंबलतोय!"

मला हवालदाराचं पटत होतं. "आवं वस्ताद, त्याच्या दूध-बदामाला सारं गाव वर्गणी देतं. मग गुडघा गावाला कळाय नगं?"

"मग आबा, तुमच्या मूळव्याधीचं बी लिवू का?" वस्तादांनी मलाच टोला हाणला.

थांब्यावरचे सगळे फिदीफिदी हसले. मी म्हणालो, "मी कुठं लंगोट लावून जत्रंत उतरतोय?" बोलून गेलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. पैलवान गावाचा, हे मान्य. पण कुठपर्यंत गावाचा?

तेवढ्यात सांगलीच्या गाडीतून पैलवान स्वतःच उतरला. सगळ्यांच्या नजरा खाली, त्याच्या पायाकडं. त्यानं फळा वाचला. कुणीतरी सुचवलं, "उजवा पुसून डावा लिवा, गड्या."

"खोटं नगं," पैलवान म्हणाला. "मैदानात चितपट झालो तर मोठ्या अक्षरात लिवा, कवाच अडवणार न्हाई. पण अंगाचं आन् घरचं मला इचारून."

"आन् कुस्ती?" वस्तादांनी विचारलं.

"धरणार."

हवालदारानं खांद्यावरच्या टॉवेलानं ती ओळ पुसली. किती गाड्यांनी ती वाचून नेली होती, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर तालीम गाठली. पैलवान जोर मारत होता. पट्टी आहे की नाही, सूज उतरली की नाही, हे बघायला जीव नुसता तळमळत होता. पण मी समोरच बसलो आणि तो थांबेपर्यंत त्याच्या तोंडाकडंच बघत राहिलो.