आधी आय जेवायची

आमची आय घरात सगळ्यांच्या आधी जेवायची. कोलशेतच्या आमच्या कोळीवाड्यात हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. बाईनं पुरुषांना आणि पोरांना वाढायचं आणि टोपाच्या तळाला उरेल ते खायचं, अशी रीत. आय मात्र कालवण उतरवलं की पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायची. शेजारणी तिला 'पहिली पंगत' म्हणत. "पहिल्या पंगतीचं झालं का गं?" असं दारातून विचारून हसत. आय म्हणायची, "झालं. तुज्या घरचंपन उरकून आले असते, पन मना तेवरी भूक नाय."

भूक नव्हतीच तिला. मी आणि धाकटा भाऊ नाथा रिकामी ताटं घेऊन बसायचो. आय तुकडा गिळायची, भिंतीला टेकायची आणि खालच्या ओठावर बोट ठेवायची. ओठाला मुंग्या येतात का ते बघायची. आम्ही तिच्या ओठाकडे बघायचो. नाथा विचारायचा, "आय, आता?" ती म्हणायची, "थांब जरा." बराच वेळ जायचा. मग बोट खाली यायचं आणि ती म्हणायची, "खावा." तोवर सगळं गार झालेलं असायचं. गरम कालवण मी पहिल्यांदा खाल्लं ते लग्नानंतर सासरी, आणि तोंड पोळून घेतलं.

कारण तिनं आम्हाला एकदाच सांगितलं, मासे कापता कापता. तिला एक लहान बहीण होती. केंड हा विषारी मासा आमच्यात कुणीही ओळखतो. पोट फुगवतो, जाळ्यात दिसला की फेकून देतात. पण एके दिवशी कुणाच्या तरी हातून तो बोय माशांच्या ढिगात कापला गेला. माशाच्या पोटातली अंडी, म्हणजे गाभोळी, एकदा बाहेर निघून टोपलीत पडली की कुठल्या माशाची ते कोण सांगणार? गाभोळी घरातल्या सगळ्यात लहान पोराला द्यायची, हाही रिवाज. आयच्या आईनं ती लाडानं तळली आणि धाकटीच्या हातावर ठेवली. थोड्या वेळानं पोर म्हणाली, "आय, माझ्या ओठाला मुंग्या आल्यात." संध्याकाळपर्यंत ती गेली.

एवढं सांगून आयनं विळी धुतली. पुन्हा तो विषय काढला नाही. आमच्या घरात गाभोळी शिजली नाही. बोयच्या पोटातून निघाली की आय परसात खड्डा करून पुरायची. बा चरफडायचा, "लोकं याच्यासाठी जीव टाकतात." आय म्हणायची, "म्हनूनच."

तिला वाटायचं, पोरं आता सुखानं जेवतात. आम्हाला कळत होतं ते वेगळंच. मुंग्या आल्याच तर त्या आयच्या ओठाला येणार होत्या. म्हणजे रोज दोन वेळा, आमच्या समोर, आमची आय मरते की राहते ते बघायचं आणि मग भात कालवायचा. मी तिला हे कधी बोलले नाही. बोलले असते तर तिनं आम्हाला दुसरीकडे बसवलं असतं, आणि न बघता बसणं त्याहून वाईट.

एकदा बोट खाली आलंच नाही. आयचा चेहरा पांढरा पडला. "ठेवा ताटं," ती म्हणाली, "मना ओठ जानवत नाय." बा धावत जाऊन कुणाचा तरी टेम्पो घेऊन आला आणि तिला ठाण्याला दवाखान्यात नेलं. मी आणि नाथा त्या ताटांपुढे तसेच बसलो. नाथानं माझा हात इतका आवळला की नखं रुतली. अंधार पडल्यावर आय स्वतःच्या पायांनी चालत आली. डॉक्टरनं तिचं तोंड उघडून बघितलं होतं आणि तो म्हणाला होता, "बाई, मिश्री किती लावता? ओठ जळलाय सगळा." शेजारणी पोट धरून हसल्या. आयनं दुसऱ्या दिवसापासून मिश्री सोडली. ओठावर बोट ठेवणं सोडलं नाही.

नाथानं मात्र त्या दिवसापासून मासा सोडला, तो कायमचा. कोळ्याचा पोर लग्नात डाळभात खातो म्हणून लोक विचारायचे, "माळ घातलीस काय रे?" कुणी आयकडे तक्रार केली की ती म्हणायची, "जिता हाय ना? मग खाऊ दे डाळ."

शेवटी आय कोपरला माझ्याकडे, माझ्या मुलाच्या घरी होती. दात गेले होते, माणसं ओळखत नव्हती. मी पेज भरवायला बसले की वाटी माझ्या हातातून ओढून घ्यायची, पहिला चमचा स्वतः घ्यायची, ओठावर बोट ठेवायची आणि मग वाटी माझ्याकडे सरकवायची. "खा आता." मी खाल्ल्याशिवाय ती दुसरा चमचा घेत नसे. मग मी खायचे. माझी नात सई, चार वर्षांची, दारात उभी राहून बघायची.

आय गेली. मी फार रडले नाही, तिचं वय झालं होतं. पण परवा सून म्हणाली, "आई, सई माझ्या ओठाला बोट लावते आणि मगच घास घेते. शाळेतून डबा भरलेला परत येतो. बाईंनी विचारलं तर म्हणाली, आधी कुणी खाल्लंच नाही." पोरीच्या मनगटाची हाडं दिसायला लागली आहेत. मला त्या रात्री झोप आली नाही.

सकाळी मी बाजारात गेले. कोळणीच्या समोर उभी राहून तिच्याकडून अख्खी बोय चिरून घेतली, गाभोळी आतून निघताना डोळ्यांनी बघितली. घरी आणून तळली. जन्मात मी ती खाल्ली नव्हती. सईला समोर बसवलं आणि ठरवलं, गरम गरम खायची, ओठाला हात लावायचा नाही, हसायचं आणि लगेच तिला द्यायची. तुकडा तोंडात टाकला. चांगला लागला. गिळला. हात मांडीखाली दाबून धरले.

सई माझ्या ओठाकडे बघत होती. "आजी, आता?"

"थांब जरा," मी म्हणाले.