स्प्रिंगच्या टेबलाची कॅसेट

मुलांनो, कडबोळ्यांचा व्हिडिओ काढून पाठव, असं तुम्ही फोनवर सांगता तेव्हा मी आधी विचारते, "तो बघणार कोण?" तुम्ही हसता. पण हा प्रश्न मला नोकरीत चिकटला आणि अजून सुटलेला नाही.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. ठाण्यात माजिवड्याजवळ विजेची बटणं बनवणारा एक लहान कारखाना होता. त्याच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार बघत असे. एके सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"बाई, स्प्रिंग बसवण्याच्या कामाची व्हिडिओ फिल्म करायची आहे. नवीन माणसांना शिकवायला. कंटाळवाणी नको, बघणाऱ्याची नजर हलता कामा नये. निवेदन तुम्ही लिहा. मराठीत लिहा आणि हिंदीतही."

हिंदीत कशाला? स्प्रिंगच्या टेबलावर सगळ्या आसपासच्या गावांतल्या आगरी-कोळी बायका. आणि नवीन माणसं तरी कुठली? भरती बंद होऊन वर्षं लोटली होती. शेजारच्या कारखान्यातली यंत्रं नुकतीच ट्रकवर चढून गुजरातच्या हद्दीत गेली होती. कामगार मात्र इथेच राहिले होते. मी निवेदन सुवाच्य अक्षरात लिहून नेलं आणि साहेबांच्या हाती देता देता विचारलं, "साहेब, हे बघणार कोण?"

"अहो, सगळेच!" ते म्हणाले आणि पेपरवेट फिरवत बसले. मला ते फिरवणं आवडलं नाही.

शूटिंगला डोंबिवलीहून लग्नांचे व्हिडिओ काढणारा आला. लग्नात एखाद्या पाहुण्याचा चेहरा राहून गेला तर घरचे रुसतात, म्हणून प्रत्येक चेहऱ्यावर थांबायची त्याला सवय. तो टेबलाभोवती फिरू लागला तसे बायकांनी पदर नाकापर्यंत ओढले.

"तोंड झाक गो! आपलं दुसरं लगीन लावतंय यो!" एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या, पण पदर कोणी खाली केला नाही.

त्यांच्यातली सर्वांत जुनी बाई माझ्याजवळ आली. तिला सगळ्या वयनी म्हणत. ती हळूच म्हणाली, "बाई, हितं नवीन मानूस घेतल्याला किती वरसं झाली? मंग शिकवाचं कुनाला?"

मी म्हटलं, "मलाही तेच कळत नाहीये."

तिने थोडा विचार केला आणि साहेबांना सांगितलं, "कॅमेऱ्यात मी बोलतंय. पन आमच्या बोलीत. बाईंचं लिवलेलं मना जमाचा नाय."

साहेब खूश झाले. जिवंत वाटेल म्हणाले. मग वयनीने स्प्रिंग उचलली आणि सुरू झाली. "यो बग, यो नवा जावय. दाबशील तं रुसंल, सोडशील तं पलंल. आंगठ्यानं जरा कुरवाल, मंग बसव जाग्याव." बाकीच्यांनी पदर सोडले आणि त्याही मधेमधे टोमणे मारू लागल्या. हात एवढे भराभर चालत होते की कोणाचं बोट काय करतंय ते मला रोज बघूनही समजेना. शेवटी व्हिडिओवाल्याने स्वतःच्या मनाने पडद्यावर गुलाबाची चौकट बसवली. कॅन्टीनमध्ये कॅसेट लावली तेव्हा लोक पोट धरून हसले. कॅसेट ऑफिसच्या कपाटात गेली, आणि काही दिवसांनी कपाटात दिसेनाशी झाली.

पावसाळा संपता संपता साहेब स्वतः टेबलापाशी आले. गुजरातेत वापीकडे कंपनीने नवी शेड घेतली होती. तिथल्या मुलींनी कॅसेट आवडीने पाहिली, पण काम त्यांना येईना. तुमच्यापैकी चौघींनी आठवडाभर येऊन शिकवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळे हात थांबले. मी दारातच उभी होते.

"येव की साहेब," वयनी म्हणाली. "पन आमी परत येव तवा यो टेबल हितंच आसंल ना?"

"असेल हो! हे काय विचारणं झालं?"

"मंग त्या लग्नवाल्याला बोलवा. कॅमेऱ्यात सांगा."

साहेब हसले. बाकी कोणी हसलं नाही. बराच वेळ कोणी कामाला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीवाला आला. साहेब स्प्रिंगच्या टेबलापाशी उभे राहिले, दिव्याच्या उजेडात घामेजले आणि म्हणाले, "हे खातं इथून हलणार नाही." वयनीने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं, कारण पहिल्या वेळी ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. कॅसेट तिने पिशवीत घातली, घरी व्हीसीआर नसतानाही. मगच चौघी वापीला गेल्या.

मी निवृत्त होईपर्यंत टेबल जागचं हललं नाही. ते साहेबांच्या शब्दामुळे, की वरून हुकूम आला नाही म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. मला दुसऱ्या कारणाचीच शंका जास्त. पण वयनीची कॅसेट तिच्या कपाटात आहे हे साहेब विसरले नव्हते, एवढं मी त्यांच्या तोंडावर अनेकदा पाहिलं.

तेव्हा कडबोळ्यांचं काय ते आधी ठरवू. व्हिडिओ मी देईन. पण मे महिन्यात इकडे येणार आहात, हे दोघांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगायचं आणि ते मला आधी पाठवायचं.