कोऱ्या जागेतल्या विड्या

आधीच सांगते, भूतबीत, करणीबिरणी यांवर माझा काडीचा विश्वास नाही. वाढवून सांगायची सवय आहे, ती मान्य... उंदराचा मी हत्ती करते. पण हे मोजूनमापून लिहितेय.

आम्ही सोलापूरला, विडी घरकुलात राहतो. मी शाळेत चित्रकलेची बाई. अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता डिमेन्शिया. माझं नाव, चेहरा सगळं पुसलं गेलं. बोटं मात्र अजून ड्युटीवर! हाती लागेल तो कागद वळते. लाइट बिल, गॅसचं पुस्तक, माझं बी.एड.चं सर्टिफिकेट — त्याच्या अकरा विड्या निघाल्या! घरात सपाट कागद औषधालाही उरला नाही. वर मला कारखान्यातला चेकर समजते.

"साहेब, पानं लई वाईट दिलीत की! अशानं छाटच निघणार." छाट म्हणजे नापास विड्या.

"अम्मा, मी सुजाता. तुझी पोरगी."

"पोरगी शाळंत गेलीय. तुमी विड्या बघा."

शेवटी वैतागून मी त्या कागदी विड्याच कॅनव्हासवर चिकटवल्या. जोडीला गोळ्यांची रिकामी पाकिटं, तिचं जुनं लुगडं, दोरा. मिक्स मीडिया! सूप मांडीवर घेतलेली अम्मा, आणि शेजारी लहानपणीची मी — तेवढी जागा मुद्दाम कोरी. तिला मी आठवत नाही ना, म्हणून. सुपात एक विडी कमी पडली, ती मीच वळून लावली. वाकडी.

चित्र शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीत होतं. शनिवारी दुपारी तिला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. सोमवारी उघडते तर... कोरी जागा भरलेली! कागदाच्या नव्हे, खऱ्या तेंदूपानाच्या विड्या. पानं अजून ओलसर. अम्मा मारायची तशीच डबल गाठ, आणि तिच्यासारखाच दोरा दातानं तोडलेला. अम्माच्या तोंडात एक दात नाही, घरात कित्येक वर्षांत पान आलेलं नाही, आणि रविवारभर ती माझ्यासमोर कॅलेंडर वळत बसली होती!

"गफूरमामा, कोण आलं होतं इथं?" मी शिपायावर ओरडले.

"कुलूप तुमीच लावलं की बाई! मी काय विड्या चिटकवत बसू? मला वडायला येळ न्हाय."

तणतणत सगळ्या उपटल्या. माझी कन्सेप्ट आहे हो ती! मंगळवारी बघते तर पुन्हा भरलेली. बुधवारी मी हात टेकले आणि अम्मालाच रिक्षात घालून शाळेत आणलं.

तिनं विडी न विडी बोटानं चाचपली. माझ्या जागेतल्या विड्यांवर मान डोलावली — पास! मग आमच्या घरच्या तेलुगूत दोन शिव्या हासडून सुपातली नेमकी माझी विडी उचकटली.

"ही छाट."

"मी वळलीय ती!"

"खोटं बोलू नका साहेब. ही माझ्या सुजाताची हाय. तिला कदी विडीचं तोंड मुडपता आलंच न्हाय."

आणि ती वाकडी विडी तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

मी अजून साहेबच आहे. पानं कुठली, दात कुणाचे, कुलपातून कोण आलं... डोकं फोडून घेतलं तरी कळत नाही. प्रदर्शनात लोक विचारतात, सुपात ही एवढीशी जागा रिकामी का? कन्सेप्ट आहे, म्हणते. रोज सकाळी जाऊन बघतेही.

तेवढी एकच जागा भरत नाही.